जेफरसनच्या कपाटातले कुरआन आपल्या कामाचे नाही

मुसलमानांच्या निष्ठेवरून कुठे वाद पेटला की आमच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. दोन जुन्या पुस्तकांचा. खाली मजकूर असतो की अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याकडे कुरआन होते, ते कुरआनचा अभ्यास करत, अमेरिकेच्या स्वातंत्र्याची प्रेरणा इथूनच आली. त्याखाली माशाअल्लाहची रांग लागते. मग कोणीतरी तोच फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो, कारण तिथे सकाळी कोणीतरी 'यांना पाकिस्तानात पाठवा' छापाचे काहीतरी टाकलेले असते. उत्तर दिल्याचे समाधान मिळते. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच वाद, पुन्हा तोच फोटो.

माझी विनंती आहे, हा फोटो पाठवणे बंद करा. पुस्तक बनावट नाही. ते वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये खरोखर आहे. माझी तक्रार आपण त्या पुस्तकाकडून जे काम करून घेऊ पाहतो त्याबद्दल आहे. कोणा मोठ्या माणसाच्या कपाटात आपले पुस्तक सापडले, म्हणून आपल्याला या जगात राहण्याचा हक्क आहे, असा त्या फोटोचा अर्थ होतो. हा युक्तिवाद लाचारीचा आहे. आणि इतिहास म्हणूनही तो टिकत नाही.

आधी त्या वस्तूची हकीकत पाहू, कारण फॉरवर्डमध्ये ती कधीच पूर्ण येत नाही.

सन १७६५. जेफरसन २२ वर्षांचा होता आणि व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग गावी कायदा शिकत होता. तिथे 'व्हर्जिनिया गॅझेट' नावाचे वर्तमानपत्र निघायचे आणि त्याच्याच कचेरीत पुस्तकांची विक्रीही चालायची. त्या दुकानाच्या रोजवहीत जेफरसनच्या नावावर कुरआनची खरेदी लिहिलेली आहे. हे कुरआन अरबी नव्हते. जॉर्ज सेल नावाच्या लंडनच्या वकिलाने केलेले ते इंग्रजी भाषांतर, १७३४ मध्ये पहिल्यांदा छापलेले. जेफरसनची प्रत १७६४ च्या आवृत्तीची आहे, दोन खंडांत.

सेल कधी अरबस्तानात गेला नव्हता. त्याने मराच्ची या इटालियन पाद्र्याच्या १६९८ च्या लॅटिन भाषांतराचा भरपूर आधार घेतला, आणि मराच्चीने ते भाषांतर केले होते तेच मुळी इस्लामचे खंडन करण्यासाठी. सेलही हेतू लपवत नाही. कुरआनवर यशस्वी हल्ला चढवायचा तर ते काम प्रॉटेस्टंटच करू शकतात, असे त्याने वाचकाला सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. मात्र त्याच्या काळाच्या मानाने तो सभ्य माणूस होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांना सरसकट शिव्या देण्याची तेव्हाच्या युरोपातली रीत त्याने पाळली नाही. लांबलचक प्रास्ताविक लिहून त्याने अरबांचा इतिहास, शरियतचे नियम, निरनिराळे पंथ समजावून सांगितले. कायद्याच्या विद्यार्थ्याला त्यात रस वाटणे साहजिक होते. तेव्हा जे कायद्याचे मोठे ग्रंथ अभ्यासले जात, उदाहरणार्थ जर्मन पंडित पुफेनडॉर्फचा, त्यांत इतर समाजांच्या कायद्यांबरोबर कुरआनचेही दाखले येत.

थोडक्यात, आपण ज्याला 'जेफरसनचे कुरआन' म्हणून छातीशी धरतो ते एका वकिलाने वादाच्या तयारीसाठी केलेले भाषांतर आहे आणि ते दुसऱ्या होतकरू वकिलाने संदर्भासाठी विकत घेतले. यात वाईट काही नाही. पण यात इस्लामचे प्रेमही कुठे नाही.

जेफरसनला पुस्तकांचे अक्षरशः वेड होते आणि पुस्तक आपलेच आहे हे ओळखायची त्याची एक युक्ती होती. जुन्या छापील पुस्तकांत प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बाइंडरच्या सोयीसाठी एक अक्षर छापलेले असे. जिथे 'आय' छापलेले असे (त्या काळी छपाईत 'जे' साठीही तेच अक्षर चाले) तिथे तो त्याच्या आधी हाताने 'टी' लिहायचा. झाली सही, टी. जे. चोराच्या लक्षातही येणार नाही. पासवर्ड वगैरे पुढची गोष्ट. ही कल्पना मला मनापासून आवडते. कुरआनच्या प्रतीतही ही खूण आहे. त्यावर आपण 'जेफरसनने कुरआनवर सही केली' असे भावुक होऊन लिहितो. मालकीच्या या खुणा त्याच्या इतर पुस्तकांवरही होत्या. ग्रंथालयाची यादी करताना त्याने कुरआनला ग्रीक-रोमन देवदेवतांच्या ग्रंथांनंतर आणि बायबलच्या आधी जागा दिली. तीही संग्राहकाची शिस्त.

पुढे ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टन जाळले, त्यात काँग्रेसचे ग्रंथालय गेले. जेफरसन तेव्हा कर्जात बुडालेला होता. १८१५ मध्ये त्याने आपली ६,४८७ पुस्तके २३,९५० डॉलरला काँग्रेसला विकली. कुरआन त्या गठ्ठ्यात गेले. २४ डिसेंबर १८५१ ला ग्रंथालयाला पुन्हा आग लागली आणि जेफरसनच्या पुस्तकांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश जळाली. कुरआनचे दोन्ही खंड वाचले. (यालाही आपल्याकडे चमत्कार म्हणून फिरवतात. मग उरलेली दोन-अडीच हजार पुस्तकेही चमत्कारच म्हणावी लागतील.)

आता याच वस्तूचा दुसरा फॉरवर्ड पाहा. तो 'त्यांच्या' ग्रुपवर फिरतो. त्यात म्हटलेले असते की जेफरसनने कुरआन घेतले ते शत्रू ओळखण्यासाठी, मुसलमान चाच्यांशी लढण्यासाठी. आमच्या धंद्यात बग शोधताना सगळ्यात आधी लॉगमधली वेळ पाहतात. परिणाम कारणाच्या आधी दिसत असेल तर तर्क चुकलाय. अल्जियर्सच्या जहाजांनी अमेरिकेची दोन व्यापारी जहाजे पकडली १७८५ मध्ये. जेफरसन आणि जॉन ॲडम्स लंडनमध्ये त्रिपोलीच्या वकिलाला भेटले १७८६ मध्ये. त्रिपोलीशी युद्ध झाले १८०१ ते १८०५. पुस्तकाची खरेदी १७६५ ची. तेव्हा अमेरिका नावाचा देशच नव्हता, मग त्याचा शत्रू कुठून येणार? ज्या ॲडम्सचे नाव आता आले त्याच्याही ग्रंथसंग्रहात कुरआन होते, १८०६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये छापलेले, अमेरिकेत छापले गेलेले पहिले. म्हणजे तेव्हाच्या शिकलेल्या राजकारण्याच्या घरी हे पुस्तक असणे फार जगावेगळे नव्हते.

तारखा दाखवल्या की हा दुसरा फॉरवर्ड पडतो. पण तेवढ्याने पहिला खरा ठरत नाही. दोन्ही बाजू एकच चूक करत आहेत. एका मेलेल्या माणसाच्या मनात आपल्याविषयी काय होते यावर जिवंत माणसांचे हक्क ठरवायला निघाल्या आहेत.

आणि गंमत म्हणजे जेफरसनने याबाबत जे खरेच मोठे काम केले त्याचा आपल्या फॉरवर्डमध्ये उल्लेखही नसतो. १७७६ मध्ये त्याने जॉन लॉकच्या सहिष्णुतेवरच्या लिखाणाची टिपणे काढली. त्यात त्याने नोंदवले की मूर्तिपूजक असो, मुसलमान असो की ज्यू, धर्मामुळे कोणाचेही नागरी हक्क काढून घेऊ नयेत. पुढच्या वर्षी त्याने व्हर्जिनियासाठी धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा मसुदा लिहिला. तो मंजूर व्हायला १७८६ उजाडले आणि जेम्स मॅडिसनने तो विधिमंडळात रेटून नेला. चर्चेत काही सदस्यांनी मसुद्यात येशू ख्रिस्ताचे नाव घालण्याची दुरुस्ती सुचवली आणि ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. म्हातारपणी आत्मचरित्रात जेफरसनने याचा अर्थ स्वतःच सांगितला आहे. दुरुस्ती फेटाळली याचा अर्थ कायद्याचे संरक्षण ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि कोणताच धर्म न मानणारा, सगळ्यांना. त्याने हिंदूंचे नाव घेतले आहे हे आपल्या ऑफिसच्या ग्रुपवर सहसा कोणाला माहीत नसते.

हाच जेफरसन त्याच सुमाराच्या टिपणांत इस्लामवर असाही शेरा मारतो की हा धर्म मोकळ्या विचाराला जागा देत नाही. कॅथलिक पंथाबद्दलही त्याचे असेच मत होते. म्हणजे इस्लामबद्दल त्याचे मत काही चांगले नव्हते, आणि तरीही मुसलमानाच्या हक्कांवर गदा येऊ नये असे तो म्हणत होता.

इथे थांबून विचार करा. आपण फोटो पाठवतो तेव्हा आपण म्हणत असतो, 'बघा, त्यांना आम्ही आवडत होतो.' कायदा म्हणत असतो, 'आवडण्याचा प्रश्नच नाही.' ज्या शेजाऱ्याला तुमची दाढी, तुमचे जेवण, तुमचे नाव काहीच पसंत नाही, त्यालाही तुमचे मत मोजावे लागते, तुम्हाला भाड्याने घर देताना धर्म विचारू नये लागते. हक्क म्हणजे नापसंतीच्या विरोधात मिळालेली हमी. पसंती असलेल्यांना हमी लागतच नाही. आपण कायदा सोडून कपाट दाखवतो, म्हणजे आपली सगळ्यात भक्कम बाजू सोडून सगळ्यात कच्ची बाजू पुढे करतो.

आणि त्या कपाटाभोवती कोण राबत होते, तेही पाहायला हवे.

जेफरसनने आयुष्यात सहाशेहून जास्त माणसे गुलाम म्हणून बाळगली. पश्चिम आफ्रिकेतून पकडून अमेरिकेत विकलेल्या लोकांत मुसलमानही होते, आणि त्यांतले काही मदरशात शिकलेले, लिहिणारे-वाचणारे होते. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्याच्या १७७४ च्या यादीत दोन बायकांची नावे आहेत, फातिमर आणि छोटी फातिमर. इंग्रजी कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले, पण आपल्या कुठल्याही मोहल्ल्यातल्या आजीला ते नाव लगेच ओळखू येईल. ज्या वर्षांत जेफरसन मुसलमानांच्या हक्कांविषयी टिपणे काढत होता त्याच वर्षांत, त्याच व्हर्जिनियात या दोघी राबत होत्या. त्याच्या डोक्यातला मुसलमान तुर्कस्तानात किंवा त्रिपोलीत राहणारा, भविष्यात कधीतरी नागरिक होऊ शकेल असा कल्पनेतला माणूस होता. शेतातला मुसलमान त्याच्या हिशेबात मालमत्ता होता.

१८०५ च्या डिसेंबरात ट्युनिसचा वकील मेल्लीमेल्ली वॉशिंग्टनला आला होता. रमजान चालू होता, म्हणून जेफरसनने त्या दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या घरचे जेवण नेहमीच्या दुपारच्या वेळेऐवजी सूर्यास्ताला ठेवले. हाही फॉरवर्ड आहेच, 'व्हाइट हाउसमधला पहिला इफ्तार'. पाहुण्याची कदर केली, चांगली गोष्ट. पण दोन वर्षांनी, ऑक्टोबर १८०७ मध्ये, त्याच जेफरसनच्या हातात काही अरबी कागद पडले. केंटकीत पकडून कोठडीत ठेवलेल्या, मालकाकडून पळालेल्या दोन आफ्रिकी माणसांनी ते लिहिले होते. राष्ट्राध्यक्षाला ते वाचता आले नाहीत. कपाटात कुरआन असलेल्या माणसाला, त्या कुरआनच्या मूळ लिपीतले दोन कैद्यांचे कागद वाचता आले नाहीत! भाषांतर करून देणारा कोणी मिळतो का म्हणून त्याने ते फिलाडेल्फियातल्या एका विद्वान मित्राकडे पाठवले. त्या दोघांना स्वातंत्र्य मिळाले नाही. हा फोटो मी एकाही ग्रुपवर पाहिलेला नाही.

त्याच १८०७ सालात चार्ल्सटन बंदरात एक माणूस उतरवला गेला, उमर इब्न सईद. आजच्या सेनेगलमधल्या फुता तोरोचा, पंचवीस वर्षे इल्म घेतलेला, वय चाळिशीच्या उंबरठ्यावर. मालक क्रूर निघाला म्हणून तो १८१० मध्ये पळाला, नॉर्थ कॅरोलायनात पकडला गेला आणि तुरुंगाच्या भिंतींवर त्याने अरबीत लिहायला सुरुवात केली. पाहायला गर्दी व्हायची. पुढे दुसऱ्या मालकाकडे राहून त्याने १८३१ मध्ये अरबीत स्वतःची जीवनकथा लिहिली, जेमतेम पंधरा पानांची. सुरुवात त्याने सूरह अल-मुल्कने केली आहे, पाठांतरातून. मुल्क म्हणजे सत्ता, मालकी. जी सूरह सांगते की सगळी मालकी अल्लाहच्या हातात आहे ती एका गुलामाने आपल्या कहाणीच्या आधी ठेवली. कागद मालकाच्या घरचा, आणि मालकाला अरबी येत नव्हते. उमरने दरम्यान बाप्तिस्मा घेतला होता. तो मनाने काय राहिला यावर अभ्यासक आजही भांडतात. भांडू द्या. पहिल्या पानावर त्याने काय लिहिले ते समोर आहे.

ही पंधरा पाने लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१७ मध्ये विकत घेतली. म्हणजे आज दोन्ही गोष्टी एकाच संस्थेत आहेत, मालकाने विकत घेतलेले भाषांतर आणि गुलामाने आठवणीतून लिहिलेले मूळ शब्द. आपण गर्वाने फिरवतो ती पहिली. मला विचाराल तर यात आपली सगळी मानसिकता उघडी पडते. आपल्या माणसाच्या हातचा कागद पुरावा वाटत नाही, साहेबाच्या शेल्फवरचा वाटतो. (जाता जाता: जेफरसन १८२६ मध्ये वारला आणि पुढच्या जानेवारीत त्याच्या कर्जफेडीसाठी माँटिसेलोच्या घरी १३० माणसांचा लिलाव झाला. आधी पुस्तके विकली, मग माणसे.)

'पण एलिसनला तर याच कुरआनचा उपयोग झाला ना?' असे कोणी म्हणेल. झाला, आणि ती चाल हुशारीची होती हे मी मान्य करतो. कीथ एलिसन २००६ च्या निवडणुकीत मिनेसोटातून काँग्रेसवर निवडून आला, तिथला पहिला मुसलमान सदस्य. तो कुरआनवर शपथ घेणार म्हटल्यावर गदारोळ झाला. व्हर्जिनियाचा एक सदस्य व्हर्जिल गुड याने पत्र लिहून मतदारांना घाबरवले की बाहेरून येणाऱ्यांना रोखले नाही तर आणखी मुसलमान निवडून येतील. एलिसन बाहेरून आलेला नव्हताच. डेट्रॉइटमध्ये जन्मलेला, कॉलेजात असताना इस्लाम स्वीकारलेला कृष्णवर्णीय अमेरिकन, आणि आपल्या घराण्याची अमेरिकेतली पाळेमुळे आपण १७४२ पर्यंत सांगू शकतो असे त्याने उत्तर दिले. मग ४ जानेवारी २००७ ला त्याने ग्रंथालयातून जेफरसनचे कुरआन मागवले. जेफरसनचे माँटिसेलो गुडच्याच मतदारसंघाच्या भागात. टोला बसला.

पण ही गोष्ट सांगताना एक साधी बाब गाळली जाते. काँग्रेसच्या सदस्यांची खरी शपथ सभागृहात सगळ्यांनी मिळून, हात वर करून होते. त्यात कुठलेच पुस्तक लागत नाही. पुस्तकावर हात ठेवणे हा नंतर फोटो काढण्याचा कार्यक्रम आहे. आणि कोणत्याही पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही हे अमेरिकेच्या संविधानाच्या सहाव्या कलमात लिहिलेलेच आहे. एलिसन सदस्य झाला तो मते आणि संविधान यांच्या जोरावर. जेफरसनच्या पुस्तकाने फोटो चांगला आला.

पुढे सरकारांनाही त्या पुस्तकाची चटक लागली. ४ जून २००९ च्या कैरोतल्या भाषणात बराक ओबामांनी या शपथेचा आणि जेफरसनच्या कुरआनचा उल्लेख केला, टाळ्या घेतल्या. २७ जानेवारी २०१७ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांना येण्यास बंदी घालणारा हुकूम काढला. बदललेल्या रूपातला तो हुकूम सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये उचलून धरला. जेफरसनचे कुरआन तेव्हा न्यायालयापासून रस्ता ओलांडला की येणाऱ्या इमारतीच्या संस्थेत होते. त्याने काय केले? पुस्तक काय करणार? २०२१ मध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षी दुबईच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनात तेच कुरआन मांडले गेले, आम्ही मुसलमानांचा किती आदर करतो हे अरबांना दाखवायला. आणि आपण रांगेत उभे राहून त्याचे फोटो काढतो.

आता आपल्या गल्लीत येऊ. हा आजार फक्त जेफरसनपुरता नाही. शिवाजी महाराजांच्या पदरी किती मुसलमान होते याच्या याद्या आपण पाठवतो. आरमारातला दौलतखान, मुनशी काझी हैदर. ही माणसे खरी आहेत, मोठी आहेत, त्यांच्यावर अभ्यास व्हायलाच हवा. पण आपण त्यांना इतिहास म्हणून बोलावत नाही, जामीनदार म्हणून बोलावतो. 'बघा, आमचा एक माणूस तिथे होता, आता आम्हाला राहू द्या.' दौलतखान समुद्रावर लढला तेव्हा तो २१ व्या शतकातल्या एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी दाखला तयार करत नव्हता. आणि याद्यांचे एक दुखणे असते: तुम्ही दहा नावे दिली की समोरचा अकरावे देतो, अफजलखानाचे. मग तुम्ही बाराव्याच्या शोधात. सतराव्या शतकातल्या माणसांची बेरीज-वजाबाकी करून आजच्या मुलाला शाळेत, नोकरीत, भाड्याच्या घरात काय मिळावे हे ठरणार असेल, तर तो खेळ आपण जिंकलो तरी हरलोच.

घरांचेच घ्या. पुण्यात मला स्वतःला एका दलालाने नाव ऐकल्यावर 'मालक फॅमिलीच घेतात' असे सांगितले होते. माझ्यासोबत बायको आणि दोन वर्षांची मुलगी उभी होती. तिथे मी कोणता फोटो दाखवायला हवा होता? जेफरसनचा? त्या प्रसंगी उपयोगाचा प्रश्न एवढाच असतो की घर भाड्याने देताना धर्म पाहून नकार देणे या शहरात चालू का आहे आणि ते बंद करणारा स्पष्ट कायदा का नाही. संविधानाचे पंधरावे कलम राज्यसंस्थेला धर्मावरून भेदभाव करायला मनाई करते, दुकाने, हॉटेले आणि सार्वजनिक विहिरींपर्यंत खाजगी व्यवहारातही हात घालते, पण भाड्याच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. ही पोकळी आहे. तिच्यावर बोलायला आमदाराकडे जावे लागते, अर्ज लिहावे लागतात, इतर नाकारल्या जाणाऱ्यांना सोबत घ्यावे लागते: दलितांना, एकट्या राहणाऱ्या मुलींना, ईशान्येकडच्या पोरांना. फॉरवर्ड करायला दोन सेकंद लागतात, म्हणून आपण फॉरवर्ड करतो.

आपल्याकडे तर शपथेतही पुस्तक नाही. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत आमदार-खासदाराला दोनच पर्याय आहेत, ईश्वराच्या नावाने शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. गीता नाही, बायबल नाही, कुरआन नाही. चौदाव्या कलमात 'कोणत्याही व्यक्तीला' असा शब्द आहे, नागरिकालाही तिथे वेगळे काढलेले नाही. त्या व्यक्तीने आधी चांगल्या पूर्वजांची यादी सादर करावी, अशी अट मी शोधली, सापडली नाही.

काही वडीलधारे म्हणतात, 'बेटा, एवढे काय मनावर घेतोस, पोरांना जरा अभिमान वाटतो.' चाचा, अभिमान वाटू द्या, पण कशाचा? एका मुलाला लहानपणापासून हेच शिकवले की तुझी किंमत बाहेरचा कोणी मोठा माणूस ठरवतो, तर ज्या दिवशी दुसरा कोणी मोठा माणूस उलटे बोलेल त्या दिवशी त्या मुलाजवळ काय उरेल? आणि उलटे बोलणाऱ्या मोठ्या माणसांची आज कमतरता आहे का?

अमेरिकेतल्या मुसलमानांना हे आपल्याआधी कळलेले दिसते. जानेवारी २०१९ मध्ये पहिल्या दोन मुस्लिम स्त्रिया काँग्रेसमध्ये गेल्या. रशिदा तलैबने आधी जेफरसनचे कुरआन वापरायचा विचार बोलून दाखवला होता, प्रत्यक्षात तिने स्वतःजवळचेच आणले. इल्हान ओमरने आपल्या आजोबांचे आणले. त्याच महिन्यात लायब्ररी ऑफ काँग्रेसने उमर इब्न सईदची पाने इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली. अजूनही आहेत, फुकट आहेत. अक्षराचे वळण पश्चिम आफ्रिकेचे असल्यामुळे आपल्याकडच्या मदरशात शिकलेल्या मुलांना पहिल्या ओळीत थोडे अडखळायला होईल. मुल्क पाठ असेल तर दुसऱ्या ओळीपासून होणार नाही.